मंगळावरचा व्हॉल्व्हमन

मे महिन्यात मामा आमच्याकडे पुण्याला राहायला आले, तेव्हा मी मंगळावर वस्ती वसवत होते. ‘सर्व्हायव्हिंग मार्स’ नावाचा संगणकावरचा खेळ आहे. बल्गेरियातल्या हेमिमाँट गेम्सनं तो बनवला आणि २०१८ मध्ये तो बाजारात आला. कोणाच्या वतीनं मंगळावर जायचं, हे सुरुवातीलाच निवडावं लागतं. यादीत भारत आहे आणि मी भारतच घेतला होता. आधी यंत्रं उतरवायची, वीज, पाणी आणि ऑक्सिजनची सोय लावायची, घुमट उभा करायचा आणि मगच माणसांचं रॉकेट बोलवायचं, असा क्रम असतो.

मामांनी ३१ वर्षं मराठवाड्यातल्या एका नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात काढली. रोजंदारीवर लागले, व्हॉल्व्हमन झाले आणि पंपहाउसवरून निवृत्त झाले. चहाचा कप हातात घेऊन ते माझ्या मागे येऊन उभे राहिले. पडद्यावर तांबडी माती होती, मधे घुमट होता आणि घुमटाकडे जाणाऱ्या पाइपलाइनमधून एका जागी पांढरा फवारा उडत होता.

“लाइन फुटलीय,” मामा म्हणाले. “आधी मागचा व्हॉल्व्ह बंद कर.”

खेळात व्हॉल्व्ह असतो. तो मी बंद केला. ड्रोन आला आणि सांधा दुरुस्त झाला. मामांनी खुर्ची ओढली.

“यातनं जातं काय?”

“पाणी आणि ऑक्सिजन, दोन्ही.”

“एकाच पाइपातनं?”

“खेळात सोपं करून दाखवलंय, मामा.”

“आणि सांडपाणी?”

“त्याची लाइन नाही दाखवलेली. पाणी परत शुद्ध करणारं एक यंत्र आहे, पण ते पुढं मिळतं.”

मामा बराच वेळ पडदा बघत राहिले. मग म्हणाले, “बनवणाऱ्याला अक्कल आहे. लाइन फुटते, एवढं तरी त्यानं दाखवलंय.”

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि गेली पंधरा वर्षं अवकाशावरचे खेळ खेळते. त्या संध्याकाळी मी उत्साहात बोलून गेले, की हे खेळ म्हणजे माणसाच्या पुढच्या काही शतकांची रंगीत तालीम आहे. मामांचा आक्षेप खेळाला नव्हता, या वाक्याला होता. “तालमीत जे गाळतात,” ते म्हणाले, “तेच प्रयोगाला अंगावर येतं. यांनी काय काय गाळलंय ते मला सांग.” पुढचे तीन दिवस आमचं हेच चाललं.

मी माझ्या सगळ्यात आवडत्या खेळापासून सुरुवात केली. ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’. मेक्सिको सिटीतल्या स्क्वाड या कंपनीनं तो २०११ मध्ये लोकांसमोर आणला. त्यात रॉकेट आपणच जोडायचं, उडवायचं आणि पडलं की पुन्हा जोडायचं. कक्षेत पुढं गेलेल्या यानाला गाठायचं असेल तर काय करायचं, असं मी दरवर्षी अकरावीच्या वर्गात विचारते. सगळे म्हणतात, वेग वाढवायचा. ज्यानं हा खेळ खेळलाय तो म्हणतो, कमी करायचा. वेग कमी केला की यान खालच्या कक्षेत येतं, तिथं फेरी लवकर पुरी होते आणि पुढचं यान सापडतं. फळ्यावर सूत्र लिहून जे पोचत नाही, ते या पोरांच्या बोटांना ठाऊक असतं. नासानंही २०१४ मध्ये या खेळाच्या मंडळींना हाताशी धरून लघुग्रह पकडण्याची मोहीम त्यात आणली होती.

“हे चांगलं आहे,” मामा म्हणाले. “आता गाळलेलं सांग.”

सांगावंच लागलं. खेळातल्या ग्रहाची त्रिज्या ६०० किलोमीटर आहे, आपल्या पृथ्वीची ६,३७१. म्हणून तिथं कक्षेत पोचणं कितीतरी सोपं जातं. दुसरं म्हणजे काळ पळवता येतो, थेट १,००,००० पटीनं. दुसऱ्या ग्रहावर जायची वाट काही मिनिटांत संपते.

“म्हणजे वाट बघणं काढून टाकलं.”

“खेळ आहे, मामा. कोण बसेल सात महिने?”

“पोरी, पंपहाउसची नोकरी म्हणजे वाट बघणंच की. रात्रभर मोटारीचा आवाज ऐकत बसायचं. आवाज जरा बदलला तर उठायचं, नाही बदलला तरी झोपायचं नाही. गळती शोधायला आम्ही रात्री दोन वाजता लोखंडी सळई रस्त्याला टेकवून तिला कान लावून फिरायचो, कारण दिवसा गाड्यांच्या आवाजात गळती ऐकू येत नाही. आपलं मंगळयान किती दिवस लागून पोचलं?”

५ नोव्हेंबर २०१३ ला ते उडालं आणि २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाच्या कक्षेत शिरलं. त्यात माणूस नव्हता. माणूस असता, तर त्या साडेदहा महिन्यांत त्याचं मुख्य काम मामा म्हणतात तेच असतं, आवाज ऐकत बसण्याचं. मामांचा हा मुद्दा मी तेव्हा मोडून काढायला बघत होते. आज मला वाटतं, अवकाशातल्या खेळांबद्दल इतकं नेमकं मी कुठं वाचलेलं नाही. लढाई, व्यापार, शोध हे सगळं या खेळांत आहे. राखण नाही. आणि जिथं बाहेर हवा नाही, तिथं आयुष्य म्हणजे बव्हंशी राखणच असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी वेगळीकडून सुरुवात केली. “या सगळ्या खेळांत आपल्या पृथ्वीचं काय होतं?”

मी एकेक आठवू लागले. ‘स्टारफील्ड’मध्ये पृथ्वीचं वातावरण उडून गेलेलं असतं. ‘ईव्ह ऑनलाइन’मध्ये माणसं एका द्वारातून दूरच्या ताऱ्यांकडं जातात, ते द्वार कोसळतं आणि परतीचा रस्ता बंद होतो. ‘द आउटर वर्ल्ड्स’मध्ये पृथ्वीशी संपर्क तुटतो. १९९९ च्या ‘अल्फा सेंटॉरी’मध्ये लोक नासत चाललेली पृथ्वी सोडून निघतात. मोजता मोजता मीच थांबले. इतकी वर्षं खेळूनही माझ्या हे लक्षात आलं नव्हतं, की गोष्ट उभी राहण्यासाठी आधी पृथ्वी मोडावी लागते. ती हाताशी राहिली, तर तिकडं कोण थांबणार, याचं उत्तर लेखकांना सापडत नाही.

“मग तुझा तो मंगळाचा खेळ?”

तो निराळा आहे, आणि म्हणूनच मला तो सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. त्यात पृथ्वी जागच्या जागी आहे. घुमटात राहणाऱ्याचं समाधान घसरत घसरत शून्यावर आलं, की त्याला पृथ्वीची ओढ लागते. पुढचं रॉकेट आलं की तो त्यात बसून घरी निघून जातो. किती सोयी केल्या, किती शोध लावले, याचा तो हिशेब करत नाही.

“सासुरवाशिणीसारखं,” मामा म्हणाले आणि गप्प झाले.

दुपारी मी हुकमाचं पान काढलं. ‘एलीट डेंजरस’ हा २०१४ चा ब्रिटिश खेळ. आपली सगळी आकाशगंगा, सुमारे ४०,००० कोटी ताऱ्यांची, त्यात मापाला माप उभी केली आहे. इंधन संपलं तर माणूस ताऱ्यांच्या मधोमध अडकतो. अशांना सोडवायला खेळाडूंनीच एक टोळी उभी केली, ‘फ्युएल रॅट्स’ नावाची. कोणी हाक मारली की हे लोक आपलं काम टाकून शेकडो प्रकाशवर्षं कापत जातात, इंधन देतात आणि मोबदला घेत नाहीत. त्यांनी हजारो अनोळखी माणसांना असं सोडवलंय. खेळाच्या कंपनीनं त्यांना हे सांगितलेलं नव्हतं. “माणूस अवकाशात गेला तर सोबत काय नेईल, असं तुम्ही विचाराल ना मामा, तर हे नेईल,” मी म्हटलं.

मामांना हे मनापासून आवडलं. दुष्काळात टँकरवर काम केलेला माणूस तो. मग त्यांनी विचारलं, “पण इंधन संपल्यावर हवा किती वेळ पुरते?”

काही मिनिटं. म्हणून मदतीला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो. ऑक्सिजनचं घड्याळ उलटं पळायला लागलं असेल, तर ते सांगतात, आत्ताच्या आत्ता खेळातून बाहेर पड. आम्ही पोचलो की परत ये.

“बघ,” मामा हळूच म्हणाले. “बाहेर पडायला दार आहे.”

मला उत्तर सुचलं नाही.

‘ईव्ह ऑनलाइन’ची गोष्ट मात्र त्यांनी हसत ऐकली. आइसलँडच्या कंपनीचा हा खेळ २००३ पासून चालू आहे आणि जवळजवळ सगळी दुनिया त्यात एकाच विश्वात खेळते. २७ जानेवारी २०१४ ला एका आघाडीकडून एका ताऱ्याच्या ताब्याचं बिल भरायचं राहून गेलं. ताबा गेला, शत्रू तुटून पडला आणि २१ तास लढाई चालली. साडेसात हजारांवर खेळाडू त्यात उतरले आणि टायटन जातीची ७५ महाकाय जहाजं नष्ट झाली. एकेक जहाज बांधायला महिने लागतात.

“बिल थकलं म्हणून?”

“हो.”

“मग यात भविष्य कसलं? ही आमची नगरपालिका झाली.”

हसणं ‘द आउटर वर्ल्ड्स’पाशी थांबलं. अमेरिकेतल्या ऑब्सिडियनचा हा २०१९ चा खेळ. त्यात एक अख्खी वसाहत कंपन्यांच्या मालकीची आहे. एजवॉटर नावाच्या गावात माशांच्या डब्यांचा कारखाना आहे आणि गावातले सगळे कंपनीचे नोकर आहेत. कामगारांना आपल्या कबरीच्या जागेचं भाडं जिवंतपणीच भरावं लागतं. खेळाडूला तिथं सुरुवातीलाच मिळणारं एक काम म्हणजे ही थकबाकी वसूल करणं. कोणी जीव दिला, तर ते कंपनीच्या मालमत्तेचं नुकसान धरतात.

मी म्हटलं, “ही अतिशयोक्ती आहे. टीका म्हणून केलेली.”

मामा म्हणाले, “तुला लातूर आठवतं का, २०१६ चं?”

मला बातम्या आठवत होत्या. मामांना दिवस आठवत होते. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलेलं. मार्चमध्ये शहरात पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावली होती. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून. मामा ती बघायला मुद्दाम गेले होते.

“लोक टाळ्या वाजवत होते आणि मी बघत होतो, व्हॉल्व्हला हात कोण लावतंय. सवय आहे. ज्याच्या हातात चावी, त्याच्या दारात माणसं. मला रात्री बेरात्री लोकांनी हात जोडलेत, पोरी. शिव्या दिल्यात, पैसेही पुढं केलेत. मी काही मोठा माणूस नव्हतो, फक्त चावी माझ्याकडं होती. त्या उन्हाळ्यात ज्यांना जमलं ते पुण्या-मुंबईला निघून गेले. मंगळावरनं कुठं जातील?”

“पण पाण्याचं जे होतं ते हवेचं...” मी बोलायला लागले आणि वाक्य तिथंच राहिलं. कारण करोनाच्या लाटेत, १९ एप्रिल २०२१ ला कळंबोलीहून विशाखापट्टणमला रिकामे टँकर घेऊन ऑक्सिजनची पहिली रेल्वे निघाली होती, हे आम्हा दोघांनाही आठवलं. आणि दोनच दिवसांनी नाशिकच्या एका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली. आवारभर पांढरा धूर पसरला होता, तो सगळ्या महाराष्ट्रानं टीव्हीवर पाहिला. पुरवठा थोडाच वेळ तुटला होता. तेवढ्यात वीसहून जास्त माणसं गेली.

पहिल्या संध्याकाळी पडद्यावरचा पांढरा फवारा बघताच मामांच्या तोंडून व्हॉल्व्हच का निघाला, ते मला तेव्हा कळलं.

त्या रात्री मी खऱ्या आकड्यांकडं वळले. सर्व्हायव्हिंग मार्समध्ये मंगळाच्या हवेतून ऑक्सिजन काढणाऱ्या यंत्राला ‘मॉक्सी’ म्हणतात. ते नाव खऱ्या यंत्राचं आहे. नासाच्या पर्सिव्हरन्स गाडीवर ते बसवलेलं होतं. २०२१ ते २०२३ या काळात ते १६ वेळा चालवलं आणि एकूण १२२ ग्रॅम ऑक्सिजन निघाला. माणसाला दिवसाला साधारण ८४० ग्रॅम लागतो. म्हणजे मानवजातीनं दुसऱ्या ग्रहावर आजवर जो श्वास तयार केलाय, तो एका माणसाला साडेतीन तास पुरेल इतका आहे. मी हा आकडा अभिमानानं सांगते. ही सुरुवात खरी आहे. पण तिच्याकडं बघितलं की खेळातला घुमट किती दूर आहे, तेही समजतं.

घुमटाचा प्रयोग पृथ्वीवर झालेला आहे. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात ‘बायोस्फिअर २’ नावाचं काचेचं बंदिस्त जग बांधलं आणि सप्टेंबर १९९१ मध्ये आठ माणसं दोन वर्षांसाठी त्यात राहायला गेली. आत शेत होतं, छोटा समुद्र होता, जंगल होतं. हवेतला ऑक्सिजन जवळपास २१ टक्क्यांवरून हळूहळू साडेचौदाच्या आसपास उतरला. माणसांना जिना चढताना दम लागायला लागला. मातीतले जिवाणू ऑक्सिजन खात होते आणि त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड नव्या काँक्रीटच्या भिंती शोषून घेत होत्या, हे बरंच नंतर कळलं. शेवटी बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला.

“आणि माणसं कशी राहिली?” मामांनी विचारलं.

“दोन तट पडले. चार-चारांचे. एकमेकांशी बोलेनात.”

“आठांत दोन तट!”

‘अल्फा सेंटॉरी’मध्ये हेच आहे, मोठ्या प्रमाणावर. संयुक्त राष्ट्रांचं जहाज नव्या ग्रहाजवळ पोचतं, कप्तानाचा खून होतो आणि उतरण्याआधीच माणसांचे सात तट पडतात. एकाला धर्म हवा, एकाला नफा, एकाला शिस्त, एकाला निसर्ग. संयुक्त राष्ट्रांची जुनी सनद धरून राहणारा जो तट आहे, त्याचा नेता प्रवीण लाल नावाचा भारतीय डॉक्टर आहे. कॉलेजात असताना मी कायम त्याच्याच बाजूनं खेळायचे. १९९९ मध्ये परदेशी खेळात अवकाशातल्या लोकशाहीची बाजू आपल्याकडच्या माणसाच्या तोंडी दिली होती, याचं मला तेव्हा फार अप्रूप होतं. अजूनही आहे.

तिसऱ्या दिवशी मी मामांना स्पष्ट विचारलं, “म्हणजे जाऊच नये?”

“असं कुठं म्हटलं मी?” ते जवळजवळ रागावले. “त्या अंतराळवीर शुभांशू शुक्लांनी वर मेथी आणि मूग उगवले, तो फोटो तुझ्या मामीनं देवघराशेजारी लावलाय. जाऊ दे की पोरांना. अंतराळ स्थानकात मूत आणि घाम गाळून ९८ टक्के पाणी परत मिळवतात, हे तूच सांगितलंस ना? तशी लाइन मला कोणी दिली असती, तर मी आणखी दहा वर्षं नोकरी केली असती. माझं म्हणणं एवढंच, की चावीचं आधी ठरवा. माणसं नेल्यावर ठरत नसतं. तहानलेला माणूस काहीपण कबूल करतो.”

हाच प्रश्न धरून बसलेला एक शास्त्रज्ञ आहे, एडिंबरा विद्यापीठातले चार्ल्स कॉकेल. अवकाशातल्या स्वातंत्र्याचा विचार ते गेली अनेक वर्षं करताहेत. जिथं प्रत्येक श्वास यंत्रातून येतो, तिथं यंत्र ज्याच्या ताब्यात त्याला जुलूम करणं फार सोपं जातं, हे त्यांच्या मांडणीचं सार आहे. त्यांना पृथ्वीवरचा व्हॉल्व्हमन कधी भेटला असेल का, माहीत नाही. दोघांची भेट व्हायला हवी होती.

कायद्याचं बघावं, तर १९६७ चा अवकाश करार आहे आणि भारत त्यात आहे. चंद्र किंवा मंगळ कोणत्याही देशाला आपला म्हणता येणार नाही, असं तो सांगतो. अवकाशात नेलेल्या वस्तूची मालकी मात्र ज्याची त्याच्याकडं राहते आणि तिच्यावर व तिच्यातल्या माणसांवर ज्या देशात तिची नोंद झाली त्याचा अधिकार चालतो. म्हणजे मॉक्सी कोणाचं हे ठरलेलं आहे. त्यातून निघालेल्या हवेवर घुमटात राहणाऱ्याचा हक्क काय, यावर त्यात एक कलम नाही. २०१५ मध्ये अमेरिकेनं अवकाशातून काढलेलं खनिज आणि पाणी काढणाऱ्याच्या मालकीचं ठरवणारा कायदा केला, २०१७ मध्ये लक्झेंबर्गनं तसाच केला. खणणाऱ्याचा हक्क लिहून झालाय. श्वास घेणाऱ्याचा अजून लिहिलेला नाही.

मी अजूनही मानते, की माणूस जाईल आणि त्यानं जावं. पण ‘रंगीत तालीम’ हा शब्द मी मागे घेतला. यान कसं असेल, ते हे खेळ नीट सांगत नाहीत. ग्रह लहान करतात, काळ पळवतात, पृथ्वी मोडतात. पण बिल, भाडं आणि चावी आपण सोबत नेणार आहोत, हे त्यांनी अचूक ओळखलंय.

जायच्या आदल्या रात्री मामा माझ्या खुर्चीवर बसले आणि माऊस त्यांनी आपल्याकडं घेतला. धुळीचं वादळ आलं की मॉक्सी आणि हवेतून पाणी काढणारी यंत्रं बंद पडतात, हे त्यांच्या लक्षात आलेलं होतं. मी दुसरं रॉकेट बोलावणार होते. त्यांनी ते थांबवलं. आधी ऑक्सिजनची दुसरी टाकी बांधली, मग पाण्याची. मग घुमटाला दुसऱ्या बाजूनं एक पाइपलाइन फिरवून आणली. एक फुटली तर दुसरी चालू राहील अशी. पाऊण तास लागला. मग म्हणाले, “आता बोलव माणसं.”

मामा गेल्यावर चार दिवसांनी त्या घुमटात पहिलं मूल जन्माला आलं. खेळाच्या नियमाप्रमाणे मंगळावर जन्मलेल्याला पृथ्वीची ओढ कधीच लागत नाही. मी मामांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, “मग चावी त्याच्या गावाकडं राहू दे.”

तुमच्या घरातलं पोर असा एखादा खेळ खेळत असेल, तर दहा मिनिटं त्याच्याशेजारी बसा. किती ग्रह जिंकलेस, हे तर विचाराच. त्यासोबत हेही विचारा, की तिथल्या हवेचा व्हॉल्व्ह कोणाच्या हातात आहे.